मंदाची पाठवणी

आमच्या डिचोलीच्या घरात बारा दिवस एक मांजर राहत होती. ती आहे, असं मला सांगण्यात आलं होतं.

सांगणारी माझी मुलगी मुग्धा. ती पणजीला नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी बेवारशी जनावरांच्या एका शेल्टरमध्ये जाऊन मांजरांची सेवा करते. (घरी आली की स्वतःचा चहाचा कप उचलत नाही, पण तो विषय वेगळा.) त्या शेल्टरमधल्या मांजरांच्या खोलीचं छप्पर दुरुस्तीला काढलं, म्हणून तिथल्या पोरांनी एकेक मांजर आपापल्या घरी नेली. मुग्धाच्या वाट्याला आली मंदा.

मंदा बारा वर्षांची. एका म्हातारीकडे वाढलेली. म्हातारी गेल्यावर घरच्यांनी मंदाला टोपलीत घालून शेल्टरच्या दारात ठेवलं, त्याला दोन वर्षं झाली. तिथे मांजर न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला पिल्लू हवं असतं, आणि माणूस आलं की मंदा भिंतीकडे तोंड करून बसते. त्यामुळे तिला कोणी नीट बघितलंच नव्हतं.

"पप्पा, दोन आठवडे फक्त," मुग्धा म्हणाली. "तेवढ्यात आपण तिला कायमचं घर बघूया."

या 'आपण'चा अर्थ मी, हे मला लगेच कळलं. मी निवृत्त आहे. निवृत्त माणसाला वेळ असतो असा आमच्या घरात समज आहे.

त्याआधी मी पाळी गावच्या खाणीवर होतो, काट्यावर. म्हणजे भरून आलेल्या ट्रकांचं वजन करून ते पुढे सोडायचे. सगळे ट्रक लाल मातीने नखशिखांत माखलेले, नंबर दिसायची सोय नाही. तरी मी नुसत्या हॉर्नवरून सांगायचो हा कोणाचा ट्रक. सांगायचं कारण, माझ्या पारखीबद्दल मला त्या काळापासून थोडा अभिमान होता.

तर मुग्धाने अडगळीच्या खोलीत पेटीचं झाकण उघडलं. मी दारातून बघत होतो. राखाडी रंगाचं काहीतरी जमिनीलगत सरपटलं आणि जुन्या लोखंडी कपाटाच्या मागे गेलं. आमची पहिली भेट ती एवढीच.

रोज सकाळी मी ताटलीत मासळी आणि भात ठेवायचो. संध्याकाळी ताटली चाटूनपुसून स्वच्छ. वाळूचा ट्रेही वापरलेला असायचा. मांजर मात्र नाही. मी कपाटाजवळ स्टूल टाकून बसायचो आणि तिच्याशी बोलायचो. तिचा विश्वास बसावा म्हणून आवाज खाली ठेवून, प्रेमाने. पेपरातल्या बातम्या सांगितल्या, काट्यावरच्या गोष्टी सांगितल्या.

"ती ऐकते काय?" माझी बायको सुलभा स्वयंपाकघरातून विचारायची.

"ऐकते. कान हलला."

"तुम्हाला दिसला?"

"अंदाज आला."

आता घर बघायचं तर फोटो हवा. मी कपाटामागे हात घालून मोबाईलवर सतरा फोटो काढले. सोळांमध्ये काळोख होता. सतराव्यात काळोख आणि त्यात दोन हिरवे ठिपके होते. तोच मी आमच्या वाड्याच्या, म्हणजे वस्तीच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'मंदा. वय झालेलं. स्वभावाने शांत, कोणाला कधी त्रास दिला नाही. तिला हक्काची जागा मिळो.'

पाच मिनिटांत अकरा जणांनी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. माझ्या चुलतभावाचा फोन आला, "मंदा म्हणजे आपली कुठची रे? आणि कधी गेली?" मी त्याला समजावत होतो तेवढ्यात शेजारच्या पाटीलवहिनी पदर सावरत आल्या. हे पाटील मूळचे गडहिंग्लजच्या बाजूचे. नवरा इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कामाला, आणि आमच्या बाजूच्या दोन खोल्यांत भाड्याने राहतात.

"काका, कोन वारलं वो?"

"कोणी नाही वहिनी. मांजर आहे."

"मांजार वारलं?"

"मांजर जिवंत आहे. तिला घर बघतोय."

वहिनींनी आमच्या घराकडे वर-खाली पाहिलं. "मग ह्ये काय वाईट हाय?"

वहिनी म्हणाल्या, त्यांच्याकडेपण मांजर आहे, मनी नावाची, पण त्या तिला असं कुणाला देणार नाहीत. मी मान डोलावली. पाटलांकडे मांजर आहे हे मला साधारण माहीत होतं. ती दिसते कशी याकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं.

हा मेसेज फिरत फिरत पेडण्याला परब सरांपर्यंत गेला. गणिताचे निवृत्त शिक्षक. पूर्ण मेसेज वाचणारे बहुधा ते एकटेच.

"शेट्ये, ती मांजर जिवंत आहे ना?" त्यांनी फोनवर विचारलं.

"आहे, सर. पण वय आहे. आणि लाजाळू आहे, समोर येत नाही."

"मला तीच पाहिजे. पिल्लू कशाला? ते माझ्यामागे राहील, मग त्याला कोण बघणार? बायको गेल्यापासून घरात एकटा असतो. बोलणारं कोणी नको, नुसतं कोणी असलं म्हणजे पुरे."

रविवारी चार वाजता यायचं ठरलं.

रविवारी सुलभा आणि मुग्धा शिरगावला सुलभाच्या बहिणीकडे वाढदिवसाच्या जेवणाला गेल्या. तीनपर्यंत परत येणार होत्या. जाताना मुग्धाने मला बजावलं, "पप्पा, तू तिला धरायला जाऊ नकोस. मी येऊन पेटीत घालते. तू फक्त बस." सुलभा म्हणाली, "तुमचे बांगडे तळून झाकून ठेवलेत. जेवा आणि बसा."

मी बसणारच होतो. पण साडेअकराला सर दारात उभे.

"रविवारी बसचा भरवसा नाही म्हणून सकाळीच निघालो," ते म्हणाले. "म्हापशाला बस लगेच मिळाली. आता परतीची एक वाजता आहे, ती गेली तर मग संध्याकाळीच."

मी त्यांना दारापुढच्या बाल्कांवात, म्हणजे ओसरीत, बाकावर बसवलं आणि पाणी आणायला आत गेलो. स्वयंपाकघरात ओट्यावर मांजर बसली होती. राखाडी, पट्ट्यापट्ट्यांची. समोर माझा बांगडा. तिने माझ्याकडे पाहिलं, डोळे किलकिले केले आणि पुन्हा जेवायला लागली.

अकरा दिवस मी त्या स्टुलावर बसून बोललो होतो, त्याला आज फळ आलं होतं. मी पुढे झालो. ती पळाली नाही. उचललं. तिने माझा अंगठा चाटला. चांगली वजनदार लागली, पोट तर टुमटुमीत. आली तेव्हा हाडकुळी होती म्हणे. माझ्या मासळी-भाताने अंगावर मांस चढलं होतं.

तिला पेटीत घालून मी बाहेर आणलं. सरांनी जाळीतून बोट घातलं, तर तिने त्या बोटाला गाल घासला.

"लाजाळू म्हणत होता ना तुम्ही?" सर चकित झाले.

"होती, सर. फार होती." इथे मी त्यांच्या शेजारी टेकलो आणि बोललो. भरपूर बोललो. मुक्या जनावरावर जबरदस्ती करायची नसते, त्याच्या वेळेने त्याला येऊ द्यायचं असतं, आवाज कसा ठेवायचा, नजर कुठे ठेवायची. सर मन लावून ऐकत होते. एक वाजायला आला म्हणून थांबावं लागलं. मुग्धाने भरून ठेवलेला शेल्टरचा फॉर्म मी त्यांच्याकडून सही करून घेतला, एक प्रत त्यांना दिली आणि त्यांना बसमध्ये बसवून आलो.

मग मुग्धाला फोन केला.

"पप्पा, खरंच? आपणहून बाहेर आली?"

"माझ्या हातात आली. अंगठा चाटला."

"डाव्या कानाला खाच बघितलीस ना? ऑपरेशन झालेलीला असते."

"बघितली," मी म्हणालो. (बघितली नव्हती. पण एवढ्या आनंदाच्या वेळी कान कोण बघतो?)

मुग्धा फोनवरच रडली. म्हणाली, पप्पा, मला वाटायचं तुला यातलं काही कळत नाही. आयुष्यात मुलीने इतकं चांगलं मला कधी म्हटलं नव्हतं. ती शिरगावहूनच परस्पर पणजीला गेली, सुलभा एकटी परत आली.

पाचच्या सुमाराला मागच्या बाजूने हाक ऐकू आली. "मने... मने गं..." पाटीलवहिनी हातात दुधाची वाटी घेऊन फिरत होत्या. मनी सकाळपासून घरी आली नव्हती.

मी लगेच चपला घातल्या. मांजरांच्या बाबतीत आता मला अधिकार होता. आम्ही दोघं दीड तास फिरलो. विहिरीजवळ, काजूच्या झाडांखाली, मागच्या गल्लीत. मीही "मने, मने" करत होतो. वहिनींचा आवाज हळूहळू बसत चालला.

"लगीन हून इथं आले तवा कुनाची वळख न्हवती, काका," त्या म्हणाल्या. "भाषा बी समजंना. ह्ये कामाला जायचे, मी दार लावून बसायची. आईनं गावाकडनं मनीला पिशवीत घालून आनून दिली. वरीसभर मी तिच्याशीच बोलले."

"मिळेल," मी म्हणालो. "मांजर समजून घ्यावं लागतं. गळ्यात घंटा बांधा तिच्या."

घरी आलो तर सुलभा म्हणाली, आता मांजर गेली, तर ते कपाटामागचं तेवढं झाडून घ्या. मी केरसुणी घेऊन खोलीत गेलो, कपाटामागे बॅटरी मारली. काळोखात दोन हिरवे ठिपके होते.

मी केरसुणी खाली ठेवली आणि विचार केला. मांजरं जुन्या घरी परत येतात हे मी ऐकून होतो. पण पेडण्याहून? तीन-साडेतीन तासांत? वाटेत नदी आहे. म्हणजे तिला पुलावरून यावं लागलं असणार. त्या वेळी मला एवढंच कौतुक वाटत होतं की बारा वर्षांच्या जिवाला आपला इतका लळा लागावा. मी सरांना फोन लावला.

"सर, मांजर आहे?"

"आहे."

"म्हणजे आत्ता आहे?"

"आत्ता माझ्या मांडीवर आहे."

"नक्की, सर?"

"शेट्ये, मांडी माझी आहे. नक्की."

मी फोन ठेवला आणि पुन्हा बॅटरी मारली. इथेही होती. एक मांजर पेडण्यालाही आहे आणि डिचोलीलाही आहे, आणि दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी सुलभाला हाक मारली. तिने वाकून कपाटामागे पाहिलं, सरळ झाली, माझ्याकडे पाहिलं. बाहेरून वहिनींची बसक्या आवाजातली हाक आली, "मने..."

"अहो," सुलभा हळूच म्हणाली, "तुम्ही सरांना कुठची दिलीत?"

मी स्टुलावर बसलो.

"मनी रोज जनेलातून उडी मारून आत येते," ती म्हणाली. "मंदाची उरलेली ताटली तीच साफ करायची. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. मी जे करायला हवं होतं ते म्हणजे त्याच क्षणी उठून शेजारी जाणं. त्याऐवजी मी एक बेत केला. उद्या पहाटे मंदाला घेऊन पेडण्याला जायचं, सरांना काहीतरी सांगून अदलाबदल करायची, आणि मनीला गुपचूप मागच्या दारी सोडायची. पाटीलवहिनी आनंदित, सर आनंदित, मुग्धाला काही कळायला नको. सुलभा म्हणाली, "जमणार नाही." मी म्हटलं, "तू बघ."

सकाळी सहालाच सरांचा फोन.

"शेट्ये, तुमच्या बारा वर्षांच्या, ऑपरेशन झालेल्या मांजरीला पहाटे तीन पिल्लं झाली."

मी अंथरुणात उठून बसलो.

"फॉर्म पुन्हा वाचला मी. त्यात वय बारा लिहिलंय, ऑपरेशन झालं लिहिलंय. मी गणित शिकवलं आयुष्यभर, पण हे मला सुटत नाही."

मी सुलभाला विचारलं, "मनी गाभण होती?"

"सगळ्या वाड्याला माहीत आहे."

"मला कोणी सांगितलं नाही."

"पोट दिसत होतं हो. ते काय सांगायचं?"

बाळंतीण मांजर गुपचूप मागच्या दारी सोडता येत नाही. तेव्हा मी शेजारी गेलो. वहिनी नळाखाली भांडी घासत होत्या. डोळे सुजलेले. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

त्यांनी नळ बंद केला. "काका, काल तुमीच माझ्यासंगं हुडकत हुता न्हवं?"

"हो."

"दोन तास?"

"दीड."

त्या आत गेल्या आणि चांगली साडी नेसून बाहेर आल्या. "चला."

मुग्धाची पेटी सरांकडेच होती, तेव्हा मंदाला झाकणाच्या एका फळांच्या पेटीत घालायला अर्धा तास लागला. पणजीहून मुग्धा फोनवर सूचना देत होती. (तिला सांगावंच लागलं. ती रागावली नाही, फक्त म्हणाली, "म्हणजे कान बघितला नव्हतास." ते रागावण्यापेक्षा वाईट होतं.) शेवटी कपाट ओढलं, टॉवेल टाकला, माझ्या हातावर चार ओरखडे उठले आणि मंदा पेटीत गेली. मी तिला तेव्हा प्रथम उजेडात पाहिलं. तोंडाजवळचे केस पांढरे झालेले, अंगाने बारीक, डाव्या कानाला खाच. मनीशी तिचं काडीचं साम्य नव्हतं. रंग तेवढा एक.

माझ्या जुन्या मारुतीत पुढे मी, मागे वहिनी, त्यांच्या शेजारी पेटी. डिचोली ते पेडणे वहिनी माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. अधूनमधून पेटीकडे बघून म्हणत होत्या, "तुजी काय चूक न्हाई गं, बाई."

सरांचं घर नीटनेटकं, शांत. कपाटाच्या खालच्या खणात, त्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्यांवर मनी आडवी पडली होती आणि तीन पिल्लं तिला लुचत होती. वहिनी खणासमोर मांडी घालून बसल्या. "मने," त्या म्हणाल्या. मनीने तोंड वर करून काहीतरी उत्तर दिलं. मग त्या दोघी बोलत राहिल्या आणि आम्ही दोन पुरुष दाराशी उभे राहिलो.

मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "म्हणजे मी फॉर्मवर सही करून घेतली ती ही नाही."

"नाही."

"आणि ही कोणाची तर या बाईंची."

"हो."

"मग पिल्लं कोणाची?"

यावर तिघांनी तीन उत्तरं दिली. वहिनी म्हणाल्या, माझ्या मनीची म्हणजे माझी. मी म्हणालो, चूक माझी, तेव्हा जबाबदारी माझी. सर म्हणाले, पण सदरे माझे आहेत. वहिनींना मनीला त्याच दिवशी न्यायचं होतं. त्यांनी पदर पसरून पिल्लांना हात लावला, तशी मनी पिल्लांवर आडवी झाली. वहिनींनी हात मागे घेतला. खूप वेळ बघत राहिल्या.

"डोळं उघडूस्तवर ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "सर, मी दर ऐतवारी ईन. डबा घिऊन. तुमास्नी तरास न्हाई ना?"

घरात बोलणारं कोणी नको असलेल्या सरांनी वहिनींकडे पाहिलं, खणाकडे पाहिलं. "या," ते म्हणाले.

राहिली मंदा. सरांनी पेटी आपल्या झोपायच्या खोलीत नेली, झाकण उघडलं आणि तिच्याकडे पाठ करून खुर्चीत पेपर वाचत बसले. मंदा बाहेर आली, भिंतीच्या कडेकडेने चालत पलंगाखाली गेली.

"सर, ही कदाचित महिनाभर दिसणार नाही," मी म्हणालो.

"नाही दिसली तर नाही दिसली. हिला घाई नाही, मलाही नाही." त्यांनी पेपरचं पान उलटलं. मी आणखी काही सांगणार होतो, पण वहिनींनी बाहेरून हाक मारली.

पिल्लं मोठी झाल्यावर मनी एका पिल्लासह पाटलांकडे परत आली. एक वहिनींच्या मैत्रिणीने नेलं, एक सरांच्या शेजाऱ्यांनी. रविवारचा डबा काही थांबला नाही. वहिनी अजून जातात, आता आपल्या शाळकरी मुलालाही बरोबर नेतात, आणि सर त्याच्या शिकवणीचं बघतात. वहिनी माझ्याशी बोलू लागल्या आहेत. मनीला मात्र मी दिसलो की त्या आधी आत घेतात.

चार महिन्यांनी मी मंदाला बघायला म्हणून पेडण्याला गेलो. मुग्धाने सांगितलं होतं, फोटो काढून आण. दाराबाहेरून जनेलाच्या गजांतून दिसलं, सर खुर्चीत बसले होते आणि मंदा त्यांच्या पायाशी उन्हात, पोट वर करून पसरली होती. अंगावर मांस आलं होतं. मला अगदी भरून आलं. मी मोबाईल काढला, दार लोटलं आणि म्हणालो, "काय मंदाबाई?"

खोलीत मंदा नव्हती. पलंगाची चादर तेवढी हलत होती.

"अजून लाजते वाटतं, सर," मी बसत म्हणालो. "तिला वेळ द्यावा लागेल. आवाज जरा खाली ठेवून बोलत जा तिच्याशी."

सर चष्मा काढून पुसू लागले.

"शेट्ये, वाईट वाटून घेऊ नका. पाव घेऊन पोदेर येतो, त्याच्या टोपलीला ही अंग घासते. पोस्टमन येतो, पाटीलबाई येतात, शेजारची मुलं येतात. कोणी आलं तरी जागची हलत नाही. कालच तर दारावर आलेल्या मीटरवाल्याच्या मांडीवर बसली होती."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि अतिशय हळुवारपणे, जनावराशी बोलावं तसं, माझ्याशी बोलले. "ती लाजाळू नाही हो. ती फक्त तुम्हाला टाळते."